ल्युपस : लक्षणे कशी ओळखावीत, वैद्यकीय मदत केव्हा घ्यावी

क्षय, कुष्ठरोग, हिवताप यांसारख्या रोगांची नावे आज खेडोपाडी परिचित आहेत. त्यांच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहेत, भिंतींवर घोषवाक्ये आहेत, घरोघर जाणारे आरोग्य कर्मचारी आहेत. याउलट काही रोगांचे रुग्ण संख्येने थोडे असतात आणि त्यामुळे त्यांच्या नावाची पाटी कोठेही लागत नाही. रोगाची चिन्हे घरातील माणसांना दिसत असतात; परंतु ती सर्व एकाच रोगाची चिन्हे आहेत, हे बराच काळ कोणाच्या ध्यानात येत नाही. ल्युपस हा अशा रोगांपैकी एक होय.

हा रोग प्रामुख्याने तरुण स्त्रियांना होतो. शिक्षण, नोकरी, विवाह आणि मातृत्व यांच्या ऐन वयात तो उद्भवतो आणि वेळीच ओळखला गेला नाही, तर मूत्रपिंडासारख्या महत्त्वाच्या अवयवाची कायमची हानी करून जातो. त्यावर उपचार आहेत आणि उपचारांखाली असलेल्या असंख्य स्त्रिया नोकरी व संसार उत्तम रीतीने सांभाळीत आहेत. प्रश्न असतो तो निदानास लागणाऱ्या विलंबाचा. प्रस्तुत लेखाचा हेतू वाचकांना रोगनिदान शिकवण्याचा नाही. ते काम डॉक्टरांचेच आहे. तथापि कोणती लक्षणे एकत्र दिसली असता डॉक्टरांकडे जावे, आणि कोणत्या वेळी मुळीच थांबू नये, एवढे सामान्य नागरिकास निश्चित समजू शकते. शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांचा तर रोज अनेक माणसांशी संबंध येतो. त्यांना ही माहिती विशेष उपयोगी पडावी.

रोगाचे स्वरूप

बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंचा प्रतिकार करण्यासाठी आपल्या शरीरात एक संरक्षणव्यवस्था असते. तिला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. आपले कोण आणि परके कोण, हा भेद ओळखणे हे या व्यवस्थेचे मुख्य काम. ल्युपसमध्ये नेमका हाच भेद सुटतो. रक्तात निर्माण होणारी प्रतिपिंडे जंतूंवर चालून जाण्याऐवजी स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातील घटकांवर रोख धरतात. त्यामुळे त्वचा, सांधे, रक्त, मूत्रपिंडे, फुप्फुस व हृदय यांची आवरणे, मेंदू अशा निरनिराळ्या ठिकाणी दाह उत्पन्न होतो. वैद्यकीय परिभाषेत या रोगाचे पूर्ण नाव ‘सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस’ असे असून डॉक्टर त्याचा उल्लेख ‘एस.एल.ई.’ असा करतात.

‘ल्युपस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील त्वचा कुरतडून टाकणाऱ्या निरनिराळ्या व्रणांना युरोपात पूर्वी हे नाव दिले जाई. त्वचेच्या एका प्रकारच्या क्षयरोगालाही ते चिकटलेले होते. व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा यांनी १८४६ साली गालांवरील या लालीला फुलपाखराची उपमा दिली. त्यांचेच शिष्य कापोसी यांनी १८७२ साली हा रोग केवळ त्वचेचा नसून शरीराच्या आतील अवयवांनाही ग्रासतो, हे दाखवून दिले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली हारग्रेव्हज व त्यांच्या सहकाऱ्यांना या रुग्णांत एक विशिष्ट पेशी आढळली आणि तेथून प्रयोगशाळेच्या साहाय्याने निदान करण्याचा मार्ग खुला झाला.

हा रोग का होतो, याचे एकच एक उत्तर नाही. आनुवंशिक कल, स्त्री-संप्रेरके, सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, काही जंतुसंसर्ग आणि क्वचित काही औषधे यांचा त्यात वाटा असतो. मात्र दोन गोष्टी निःसंदिग्धपणे सांगता येतात. हा रोग संसर्गजन्य नाही. रुग्णाबरोबर राहिल्याने, जेवल्याने अथवा तिचे कपडे वापरल्याने तो होत नाही. तसेच तो कर्करोगही नाही.

दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो पंधरा ते पंचेचाळीस या वयात होतो. पुरुष, बालके आणि वृद्ध यांनाही तो होऊ शकतो. लहान मुलांमध्ये तर त्याचे स्वरूप अनेकदा अधिक उग्र असते. दिल्लीनजीकच्या ग्रामीण लोकसंख्येच्या पाहणीवरून १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लाखामागे सुमारे तीन रुग्ण आढळले होते. अमेरिकेतील अलीकडच्या नोंदींत हे प्रमाण लाखामागे सत्तरच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. यांपैकी सर्वांत कमी प्रमाण धरले, तरी एवढ्या लोकसंख्येत सदतीस-अडतीस रुग्ण असावयास हवेत. प्रत्यक्षात ते याहून अधिक असण्याचाच संभव आहे.

लक्षणे का विखुरतात?

मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण यांच्यामध्ये ठाकुर्ली हे लहानसे स्थानक आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२९ साली चोळा येथे वीजगृह सुरू केले. रेल्वेची ही जुनी वस्ती आज मुंबई-ठाण्याकडे रोज कामाला जाणाऱ्या कुटुंबांचे दाट उपनगर बनली आहे. येथे केवळ धिम्या गाड्या थांबतात. पहाटे स्वयंपाक उरकून, गर्दीत उभ्याने प्रवास करून, सायंकाळी परतल्यावर पुन्हा घरकामास लागणारी स्त्री हे येथील घराघरांतील चित्र आहे. ल्युपसची लक्षणे अशा जीवनक्रमात सहज कशी झाकली जातात, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, ठाकुर्लीतील सव्वीस वर्षांच्या एका तरुणीची बोटे पावसाळ्यात सकाळी आखडू लागली. आसपास चिकुनगुन्याची साथ होती. त्याचाच हा परिणाम, असे सर्वांनी मानले. दिवाळीनंतर तिच्या गालांवर लाली आली. घरच्यांनी वांग समजून औषधाच्या दुकानातून एक मलम आणले. केस मूठमूठ गळू लागले, तेव्हा तेल बदलण्यात आले. टाळूला व्रण पडले, त्याचे कारण अंगातील उष्णता. अधूनमधून कणकण येई, ती प्रवासाच्या दगदगीमुळे. सर्वांत शेवटी घोटे सुजू लागले. गाडीत तासभर उभे राहिल्यावर पाय सुजणारच, असे तिनेच स्वतःला समजावले.

यातील प्रत्येक स्पष्टीकरण स्वतंत्रपणे पटण्यासारखे आहे आणि अडचण नेमकी तीच आहे. सांधेदुखीसाठी एक डॉक्टर, चेहऱ्यासाठी दुसरे, तापासाठी कोपऱ्यावरचे तिसरे, अशी सहा महिन्यांत सहा तक्रारींची सहा उत्तरे मिळतात. परंतु सहाही तक्रारी एकत्र मांडल्या असता काय दिसते, हे पाहण्याची संधी कोणालाच मिळत नाही. सुजलेल्या घोट्यांपर्यंत मजल येते, तेव्हा मूत्रपिंडांना दाह झालेला असण्याची दाट शक्यता असते.

लक्षणांचा परिचय

त्वचा व केस : दोन्ही गाल आणि नाकाचा दांडा यांवर फुलपाखराच्या पंखांसारखी पसरणारी लाली हे या रोगाचे सर्वपरिचित चिन्ह आहे. नाकपुड्यांपासून ओठांच्या कोपऱ्यांकडे उतरणाऱ्या घड्या बहुधा या लालीतून सुटलेल्या असतात. सावळ्या वर्णावर ती लाल न दिसता काळसर अथवा जांभळट दिसू शकते. म्हणूनच तिची वांगाशी गफलत होते. ऊन लागल्यावर चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर पुरळ उठणे अथवा असलेले पुरळ वाढणे, हे लक्षण तितकेच महत्त्वाचे आहे. केस विरळ होतात. टाळूवर अथवा नाकात व्रण पडतात आणि ते पुष्कळदा दुखत नसल्यामुळे रुग्णाच्या लक्षातही येत नाहीत. फुलपाखरासारखी लाली प्रत्येक रुग्णात असतेच असे नाही. ती नाही म्हणून रोग नाही, असे समजू नये.

सांधे : बोटे, मनगटे, गुडघे यांत वेदना व सूज येते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ सांधे आखडलेले राहतात. श्रमाने येणारे दुखणे विश्रांतीने कमी होते. दाहामुळे येणारा आखडलेपणा मात्र झोपेनंतरच अधिक जाणवतो. हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ताप, थकवा, वजन घटणे : कारण न सापडणारा बारीक ताप, पुरेशी झोप घेऊनही न जाणारा थकवा, भूक मंदावणे ही लक्षणे महिनोन् महिने रेंगाळतात.

मूत्रपिंडे : या अवयवाकडे सर्वाधिक लक्ष द्यावयास हवे. ल्युपसच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्या जणांच्या मूत्रपिंडांना केव्हा ना केव्हा दाह होतो. प्रारंभी तो मुळीच दुखत नाही. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, तेव्हा लघवीस न विरणारा फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती व सायंकाळी पावलांवर सूज दिसते, रक्तदाब वाढतो. काही वेळा लघवी तांबूस होते अथवा तिचे प्रमाण घटते. सूज दिसण्यापूर्वीच हा बिघाड लघवीच्या साध्या तपासणीत व रक्तदाबाच्या मोजणीत सापडू शकतो. या दोन्ही तपासण्या अत्यल्प खर्चाच्या असून प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतात.

इतर अवयव : खोल श्वास घेताना छातीत कळ येणे, थंडीत किंवा वातानुकूलित कार्यालयात बोटे पांढरी व मग निळी पडणे, रक्तक्षय, बिंबाणू घटल्यामुळे अंगावर लाल ठिपके उठणे, फेफरे येणे, वर्तनात अचानक बदल होणे, पुनःपुन्हा गर्भपात होणे किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे, हीसुद्धा या रोगाची रूपे असू शकतात. वर्तनातील बदलास बाहेरची बाधा मानून देवऋषीकडे दिवस घालवले जातात. तसे होऊ नये, यासाठी गावातील जाणत्या मंडळींनी दक्ष राहावयास हवे.

कोणत्या रोगांशी गफलत होते?

ताप, पुरळ, सांधेदुखी आणि घटलेले बिंबाणू हे चित्र आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूचे असते. दीर्घकाळचा ताप, वजनातील घट आणि छातीत पाणी होणे हे चित्र क्षयाचे असते. चेहऱ्यावरील लालसर चट्टा पाहून कुष्ठरोगाची शंका येते, तर सुजलेल्या बोटांवरून आमवाताची. हे सर्व रोग ल्युपसपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळतात, म्हणून डॉक्टरांनी प्रथम त्यांचाच विचार करणे योग्यच आहे. मात्र डेंग्यूचा ताप साधारणतः आठवडाभरात ओसरतो. तीन-चार आठवडे उलटूनही ताप, पुरळ अथवा सांध्यांची सूज कायम राहिली, अथवा ती जाऊन पुनःपुन्हा परतू लागली, तर पहिल्या निदानाचा फेरविचार करण्याची विनंती डॉक्टरांना अवश्य करावी.

याची दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी निगडित ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाखाली १९९६ साली इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे गावातील स्वयंसेवकांच्या मदतीने घरोघर पाहणी सुरू केली. सांधे व स्नायूंचे दुखणे ही ग्रामीण भागातील अतिशय सार्वत्रिक तक्रार आहे आणि तिच्यातील फार मोठा भाग साध्या दुखण्यांचा आहे, हे अशा पाहण्यांनी दाखविले. तेव्हा गुडघा दुखला की ल्युपस, केस गळले की ल्युपस, अशी धास्ती घेण्याचे कारण नाही. एकट्या लक्षणाला फारसा अर्थ नसतो. त्वचा, सांधे, ताप, तोंडातील व्रण, लघवी अशा भिन्न भिन्न ठिकाणची दोन-तीन लक्षणे एकाच व्यक्तीत काही महिन्यांच्या अवधीत दिसू लागली, म्हणजे ती गंभीरपणे घ्यावीत.

वैद्यकीय मदत केव्हा घ्यावी?

सोयीसाठी याचे तीन टप्पे करता येतील.

पहिला टप्पा – आठवडाभरात डॉक्टरांना भेटावे : सकाळचा सांध्यांचा आखडलेपणा व सूज काही आठवडे टिकणे, उन्हाने वाढणारे चेहऱ्यावरील पुरळ, दोन आठवड्यांहून अधिक काळ कारण न सापडलेला ताप, टाळूवर वारंवार पडणारे व्रण, यांपैकी दोन किंवा अधिक गोष्टी एकत्र असणे. कुटुंबात ल्युपस, आमवात अथवा थायरॉइडचा तत्सम विकार असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

दुसरा टप्पा – एक-दोन दिवसांतच जावे : डोळ्यांभोवती किंवा पावलांवर नव्याने आलेली सूज, फेसाळ किंवा तांबूस लघवी, लघवीचे प्रमाण घटणे, तरुण वयात वाढलेला रक्तदाब, अंगावर लाल-जांभळे ठिपके. ज्यांना ल्युपसचे निदान झालेले आहे व ज्यांची स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत, त्यांनी साधा वाटणारा तापही घरी अंगावर काढू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तिसरा टप्पा – तत्काळ रुग्णालय गाठावे : धाप लागणे, छातीत तीव्र वेदना, फेफरे, भ्रम, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, न थांबणारा रक्तस्राव, एकच पाय अकस्मात सुजून दुखू लागणे, गर्भवती स्त्रीस तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी व सूज येणे. अशा वेळी १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका मागवावी.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर तक्रारींची कालक्रमाने नोंद करून न्यावी. कोणत्या महिन्यात काय सुरू झाले, ते किती दिवस टिकले, कोणते औषध घेतले, एवढे लिहिले तरी पुरे. चेहऱ्यावरील पुरळ भेटीच्या दिवशी नाहीसे झालेले असू शकते, म्हणून ते दिसत असतानाच भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ठेवावे. ठाकुर्लीच्या उदाहरणातील तरुणीने असा एकच कागद पहिल्या डॉक्टरांपुढे ठेवला असता, तर विखुरलेल्या सहा तक्रारींची एक कहाणी झाली असती.

तपासण्या

प्रथम लघवीची तपासणी, रक्तदाब, रक्तातील पेशींची मोजणी आणि मूत्रपिंडाचे कार्य दर्शविणारी क्रिएटिनिन ही तपासणी केली जाते. शंका बळावल्यास ‘ए.एन.ए.’ ही प्रतिपिंडांची चाचणी सांगितली जाते. या चाचणीविषयी गैरसमज फार आहेत. ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ती होकारार्थी येते. परंतु अनेक निरोगी व्यक्तींतही ती सौम्य प्रमाणात होकारार्थी येऊ शकते. म्हणून केवळ या चाचणीच्या कागदावरून घाबरून जाऊ नये आणि लक्षणे नसताना ती हौसेने करूनही घेऊ नये. पुढे ‘डी.एस.डी.एन.ए.’विरोधी प्रतिपिंडे व रक्तातील पूरक प्रथिने यांच्या तपासण्या केल्या जातात. मूत्रपिंडाचा दाह कोणत्या प्रतीचा आहे, हे ठरविण्यासाठी सुईने मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासावा लागतो. ही बायोप्सी ऐकण्यास भीतिदायक वाटली, तरी उपचारांची दिशा तिच्यावरच अवलंबून असते. तिला नकार देऊ नये.

पश्चिम भारतातील ल्युपस-रुग्णांच्या रक्तातील या प्रतिपिंडांवर मुंबईत परळ येथील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत संशोधन झालेले आहे. ही संस्था के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात आहे.

उपचार आणि पथ्ये

ल्युपस समूळ नाहीसा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. तो काबूत ठेवणारी औषधे मात्र आहेत. १९५० च्या दशकात निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण जेमतेम निम्मे होते. आज चांगली वैद्यकीय देखभाल मिळणाऱ्या रुग्णांत ते नव्वद टक्क्यांहून अधिक आहे.

उपचारांचा पाया म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही गोळी. मूळची हिवतापावरील औषधांच्या कुळातील ही गोळी ल्युपसचा जोर पुनःपुन्हा उसळण्यास आळा घालते आणि मूत्रपिंडांचे रक्षण करण्यास साहाय्य करते. ती बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागते; म्हणून प्रारंभी व पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे डोळ्यांची तपासणी करून घ्यावी लागते. दाह तीव्र असल्यास स्टिरॉइडची आणि मूत्रपिंडे बाधित असल्यास मायकोफेनोलेट अथवा सायक्लोफॉस्फमाइड यांसारख्या औषधांची योजना केली जाते. स्टिरॉइडची गोळी बरे वाटू लागले म्हणून एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. तसेच तिच्या भीतीने, गुण येण्याची हमी देणाऱ्या निनावी पुड्यांकडे वळणेही तितकेच धोक्याचे आहे. अशा पुड्यांत कित्येकदा स्टिरॉइडच मिसळलेले असते आणि त्याची मात्रा कोणालाही ठाऊक नसते.

औषधात खंड पडण्याचा प्रश्न २०२० साली संपूर्ण देशासमोर आला. त्या वर्षी मार्च महिन्यात कोविडच्या प्रतिबंधासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन देण्याची शिफारस झाली आणि घाबरलेल्या नागरिकांनी या गोळ्यांचा साठा करण्यास प्रारंभ केला. ज्यांचे आरोग्य या गोळीवर अवलंबून होते, त्या ल्युपस व आमवाताच्या रुग्णांना ती मिळेनाशी झाली. २६ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने अधिसूचना काढून तिच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. पुढे मोठ्या चाचण्यांत कोविडच्या रुग्णालयीन रुग्णांना या गोळीचा लाभ होत नसल्याचे दिसून आले. रुग्णांनी यातून घ्यावयाचा धडा असा की, औषधाचा किमान महिनाभराचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी नेहमी जवळ असावी.

पथ्यांमध्ये उन्हापासून संरक्षण सर्वांत महत्त्वाचे. छत्री, पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी किंवा पदर आणि शक्य असल्यास सूर्यकिरणरोधक मलम वापरावे. धूम्रपान वर्ज्य करावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने लसी घ्याव्यात. गर्भधारणा टाळण्याची सरसकट आवश्यकता नाही. परंतु रोग किमान सहा महिने शांत असताना आणि औषधांत आधीच योग्य बदल करून ती नियोजनपूर्वक व्हावी. मायकोफेनोलेटसारखी औषधे गर्भास घातक असल्याने ती आधी बदलावी लागतात, तर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन साधारणतः चालू ठेवले जाते. विवाह ठरविताना आजार लपविण्याची आणि लग्नानंतर गोळ्या चोरून घेण्याची अथवा बंद करण्याची पाळी मुलींवर येते. रोग संसर्गजन्य नाही आणि औषधाखाली संसार होऊ शकतो, हे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना स्पष्टपणे सांगितले गेले, तर ही पाळी टळू शकेल.

उपचार कोठे मिळतील?

ठाकुर्ली परिसरातील नागरिकांना महानगरपालिकेची कल्याण येथील रुक्मिणीबाई रुग्णालय व डोंबिवली येथील शास्त्रीनगर रुग्णालय ही दोन रुग्णालये जवळची आहेत. प्राथमिक तपासणी तेथे अथवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे करून घ्यावी. ग्रामीण भागातील रुग्णांनी प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. शंका कायम राहिल्यास संधिवाततज्ज्ञ किंवा औषधवैद्यक विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे चिठ्ठी मागून घ्यावी. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचे के.ई.एम. रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये याच रेल्वेमार्गाने गाठता येतात. त्वचा, रक्त, मूत्रपिंड यांचे तज्ज्ञ एकाच छत्राखाली असणे, हा अशा रुग्णालयांचा ल्युपसच्या दृष्टीने मोठा लाभ होय.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले असून १ जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू झाली. कोणते उपचार योजनेत बसतात, याची विचारणा योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच करावी.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांना विद्यार्थिनींचे चेहरे रोज दिसतात. प्रार्थनेच्या वेळी वा कवायतीत उन्हात उभे राहिल्यावर एखादीच्या गालांवर वारंवार लाली येते, सकाळच्या पहिल्या तासाला तिला लेखणी धरता येत नाही, हजेरी घटत चालली आहे, अशा गोष्टी पालकांच्या आधी शिक्षकांच्या नजरेस येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. या कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत येते, तेव्हा अशी मुलगी त्यांना आवर्जून दाखवावी. निदान झालेल्या विद्यार्थिनीस उन्हातील कवायतीतून सूट द्यावी. मात्र वर्गातून व स्नेहसंमेलनातून तिला वगळू नये.

पंचायत सदस्यांनी आरोग्य उपकेंद्रात लघवी तपासण्याच्या पट्ट्या व चालू स्थितीतील रक्तदाबमापक आहे की नाही, याची ग्रामसभेत विचारणा करावी. या दोन साधनांचा उपयोग गर्भवती माता, मधुमेही आणि वृद्ध यांनाही होतो. तेव्हा एका दुर्मीळ रोगासाठी केलेला हा खर्च नव्हे. आशा व अंगणवाडी सेविकांच्या मासिक बैठकीत वर दिलेल्या तीन टप्प्यांचे वाचन झाले, तर माहिती घरोघर पोहोचेल.

कार्यालयप्रमुखांची जबाबदारी वेगळ्या प्रकारची आहे. ल्युपसची रुग्ण पुष्कळदा बाहेरून धडधाकट दिसते. आज कामावर आलेली स्त्री उद्या अंथरुणातून उठू शकत नाही, हे या रोगाचे चढउतार आहेत. त्यास कामचुकारपणा समजू नये. तिच्या बाह्यरुग्ण विभागातील तारखांना रजा नाकारली गेली, तर पुढे ती दीर्घ रजेवर जाण्याचा संभव वाढतो. आसनाची जागा खिडकीच्या उन्हापासून दूर देणे, उन्हातील फिरतीचे काम बदलून देणे, यांस खर्च येत नाही.

दरवर्षी १० मे हा दिवस जागतिक ल्युपस दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास आपल्याकडे शाळांना सुटी असते आणि ऊन कडक असते. त्यामुळे शाळांनी जून महिन्यातील पहिल्या पालकसभेत आणि ग्रामपंचायतींनी सोयीच्या ग्रामसभेत हा विषय दहा मिनिटे घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्यासाठी निमंत्रण द्यावे आणि सभेला आलेल्या तरुण मुलींचा व मातांचा रक्तदाब तेथेच मोजून घ्यावा.